प्रसाद मोजत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. मागच्या वहीतल्या खुणा माझ्या मलाच कळेनात, म्हणून ह्या वेळी पहिल्या पानावर लिहून ठेवते. उ. = उपाशीपोटीची साखर. फे. = फेरी, म्हणजे शाळेच्या मैदानापासून गोवा रोडच्या वळणापर्यंत जाऊन परत. खाल्लेलं सगळं लिहायचं, बोराएवढं असलं तरी. प्रसाद मोजत नाही. देवाचं ते देवाचं, ते वहीत कशाला.

सुमी काल संध्याकाळच्या गाडीनं रामनगरला आली. माझी धाकटी बहीण, पण चारचौघांत तिलाच थोरली समजतात. जोयड्याकडचं आमचं गाव, तिथं एकटीच शेती बघते. नवरा गेला, पोरगा गोव्यात कंपनीत. बोलणं अजून गावच्या बायकांचंच, 'मी येतो, मी जातो'. भात कापून, मळून, घराची चावी शेजारणीकडे देऊन आली. आणि सोबत कणग्यांचं पोतं, उकडून खायचे कंद! म्हटलं, "अगं, साखर कमी करायला आलीस की कंद विकायला?" तर म्हणते, "अक्का, तुला आवडतात म्हणून आणले गं." पोतं सकाळीच शेजारच्या पाटीलमामांच्या घरी पोचवलं. घरात ठेवलं तर दोघींचा संयम सुटेल.

आज तिला घेऊन इथल्या डॉक्टरीणबाईंकडे. तीन महिन्यांची साखर ९.१. म्हणाल्या, गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, इन्सुलिन सुरू करू. सुमीचं तोंड उतरलं. आईचा शेवट सुईवर झाला ना, तेच डोळ्यांपुढे. मी म्हटलं, "मला तीन महिने द्या. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरी पळवल्यात मी. माझी स्वतःची साखर चालून खाली आणली की नाही?" बाई म्हणाल्या, "तुमची आली हो." 'तुमची'वर जरा जोर दिला. देईनात का. कागदावर लिहून दिलं: तीन महिने चालणं, गोळ्या त्याच, मग परत तपासणी.

सु. उ. १९८. मी उ. १३६.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साडेपाचला मैदानावर. मी, सुमी, पाटीलमामा (साखर त्यांनाही). मामांनी जन्मभर ट्रक चालवून घेतले, स्वतः पाऊल चालले नाहीत. आता माझ्या शिट्टीवर चालतात. सुमीला कॅनव्हासचे बूट घेतलेत. "पाय कोंडल्यागत वाटतंय गं अक्का." म्हटलं होईल सवय, शाळेतल्या पोरी पण हेच म्हणायच्या.

२ फे. आणि सुमी आमच्या पुढे! मामा मागून ओरडतायत, "शिट्टीबाई, तुमच्या बहिणीला ब्रेक हाय का न्हाई?" हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वळणावर एकदम डोळ्यांपुढे अंधारी. हात थरथरायला लागले, एवढ्या थंडीत दरदरून घाम. नागेशच्या चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसवलं मला. सुमीनं कमरेच्या चंचीतून कायतरी काढलं. (तंबाखू सुटून वर्षं झाली, चंची सुटत नाही.) "उळवीचा प्रसाद हाय. तोंड उघड." उळवी म्हणजे आमच्या भागातलं मोठं देवस्थान, तिथल्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं? गोड होता. पाच-दहा मिनिटांत मी टवटवीत. देवानं सांभाळलं.

१ डिसेंबर, सोमवार

मी उ. ११८! मामा उ. १२९, पोरासारखे नाचले. सुमी २०१.

२०१?? तीन आठवडे माझ्याच ताटातलं खाते. नाचणीची एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी, रात्री तेच. भात मुठीएवढा. चालते माझ्यापेक्षा जास्त. मशीन बिघडलं असेल म्हणून माझं परत घेतलं तर ११७. मशीन ठीक आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

परत अंधारी, पुन्हा वळणाजवळच. प्रसाद. बरं वाटलं. सुमी म्हणते, "गोळी जरा कमी करून घे की गं." हिला काय कळतंय. माझी साखर पहिल्यांदा एवढी छान आलीय आणि म्हणे गोळी कमी कर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सु. उ. २०४. मी ११२.

आज तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "सुमे, तू अंग चोरतेस." शाळेत हा माझा शब्द होता. जी पोरगी मैदानावर ढिली पडायची ती अंगचोर. सगळ्या पोरी ह्या एका शब्दाला घाबरायच्या.  सुमी म्हणाली, "मी पुढं असतो की गं तुझ्या."

खरंय. पुढे असते. मग साखर कुठून येते? हवेतून?

साखरेचा डबा कपाटात, कुलूप.

२३ डिसेंबर, मंगळवार

सुमीचे दंड बघितले आज, विहिरीवर. घट्ट झालेत. पोट गेलं. पातळ दोनदा गुंडाळावं लागतं. मामा म्हणाले, "तुमची बहीण पोरगी दिसाय लागली." पण उ. १९९. डोकं चालेना. वजन उतरतं, साखर उतरत नाही, असं कसं होईल? कुठंतरी खात असणार. दुपारी मी पडते तेव्हा. नागेशकडे? नागेशला विचारलं. म्हणाला, "न्हाई बाई, त्या तर चहा बी बिनसाखरेचा घेत्यात."

तो पण सामील असेल.

५ जानेवारी, सोमवार

अक्षर वाकडं येतंय.

वळणावर बुटाची नाडी बांधायला सुमी वाकली आणि कमरेची चंची सुटून पडली. वर्तमानपत्राचा पुडा बाहेर आला. मी उचलला, उघडला. गूळ! चार खडे, लिंबाएवढे. ना खोबरं, ना अंगारा, नुसता गूळ.

मी ओरडले. खूप ओरडले. गाडा, दोन ट्रकवाले, मामा, नागेश, सगळ्यांसमोर. "चोर! अंगचोर आणि तोंडाची पण चोर! दोन महिने माझ्या जिवाला घोर लावलास आणि चंचीत गूळ घेऊन फिरतेस? आईसारखीच तू!"

ती म्हणाली, "अक्का, हळू बोल. लोक बघत्यात." एवढंच. खाल्ला म्हणाली नाही, नाही खाल्ला असंही म्हणाली नाही. मला वाटलं, चोर सापडला की असाच गप्प होतो.

पुडा गटारात फेकला. शिक्षा: उद्यापासून ४ फे.

मामा मला सोडून पुढे निघून गेले. जाईनात का.

९ जानेवारी, शुक्रवार

सु. ४ फे. रोज. पूर्ण करते, तोंडातून ब्र नाही. घरी भांडी घासते, केर काढते, माझ्याकडे बघत नाही. आज मला परत अंधारी आली तर तीच धावली. ह्या वेळी पदराच्या गाठीतून काढला प्रसाद. मी रागात होते तरी तोंड उघडलं, प्रसादावर कसला राग काढायचा.

सु. उ. २०७.

२१ जानेवारी, बुधवार

सुमी म्हणाली, "उळवीला जाऊन येतो गं जत्रंला. दरवर्षी जातो." गावाकडची चालत निघणार आहेत. म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत कुठं नाही. जत्रेत काय काय विकायला असतं मला माहीत आहे. ती म्हणाली, "बरं."

तिच्या त्या 'बरं'चा मला राग येतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज ती मागे होती. पहिल्यांदा, माझ्या आणि मामांच्याही मागे. मी शिट्टी वाजवली. "चल चल चल!" आली धावत. मामा पुटपुटले, "बाई, तिच्या पायाकडं बघा जरा." मी म्हटलं, ढोंग आहे.

'ढोंग आहे' असं म्हणाले मी. हे वाक्य लिहून ठेवते. का ते माहीत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

तीन महिने झाले. रिपोर्ट.
मी: ७.९ ची ६.१.
मामा: ८.२ ची ६.८.
सुमी: ९.१ ची १०.२.

डोळे चोळून परत वाचलं. वाढली?

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "घाल बूट. आत्ता, ह्या घडीला ४ फे." दुपारचं ऊन. ती उठली. पायरीवर बसून उजवा बूट चढवायला लागली, चढेना. मी रागानं खाली बसले, मीच घालते म्हणून पाय हातात घेतला.

मोजा बोटाला चिकटलेला. ओढला तर सोबत कातडी आली. वास. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं, खाली खड्डा, त्यात पू.  बूट उपडा केला तर खडा पडला, हरभऱ्याएवढा. किती दिवसांचा कोण जाणे. त्यावर चालत होती. माझ्या ४ फे.

"अगं दुखलं नाही का गं तुला?"

"न्हाई गं. त्या बोटाला कायच कळत न्हाई. आणि आतनं वलं लागायचं तवा सांगणार होतो, पण तू अंगचोर म्हटली असतीस."



१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी बोट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.  जखम धुतली, गोळ्या दिल्या, इन्सुलिन आजच सुरू केलं. बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी. गुरुवारी बोलावलंय. "वही पण न्या," म्हणाल्या. ही वही.

तीन महिने मी मागून घेतले होते, बाईंनी स्वतःहून दिले नव्हते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बेळगाव. गाडीत सुमीचा पाय माझ्या मांडीवर, कापडात गुंडाळलेला. ती खिडकीबाहेर बघत होती. 

सगळं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःशीच खोटं बोलेन.

डॉक्टर म्हातारे, मराठी खणखणीत. आधी बोट. हाडापर्यंत गेलंय का ते फोटोत बघायचं. आत्ता कापायचं म्हणत नाहीत, राखू म्हणतात, पण शब्द देत नाहीत. इन्सुलिन वाढवलं.

मग वही मागितली. पान पान वाचली, चष्मा वर करून. मी म्हटलं, "डॉक्टर, हिनं चोरून खाल्लंय. मी स्वतः पकडलंय." त्यांनी बोट ठेवलं आकड्यांवर. १९८, २०१, २०४, १९९, २०७. म्हणाले, "चोरून खाणाऱ्याची साखर एवढी सरळ रेषेत चालत नाही हो. कधी उडते, कधी पडते. शेवटी वाढली त्यात त्या जखमेचा पण हात आहे. पण जखमेच्या आधीच्या महिन्यात बघा. वजन उतरलं, साखर जागची हलली नाही."

म्हटलं, मग काय? मी हिला रोज चालवलं.

"तुम्ही खेळाच्या बाई ना? एका शिट्टीवर सगळ्या पोरी सारख्या धावतात का?" म्हटलं, नाही, पण सरावानं सुधारतात. म्हणाले, "सगळ्या सारख्या सुधारतात?"  नाही सुधारत. तीस वर्षं बघितलंय, आणि न सुधारणाऱ्यांना एक शब्द ठेवला होता मी.

मग समजावलं. चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, जाळतात. बहुतेकांचे ओढतात. काहींचे तेवढंच चालूनही ओढत नाहीत, किंवा नावाला ओढतात. त्यातला काही भाग जन्माच्या आधीच ठरलेला असतो, आईबापाकडून आलेला. एकच जीन नाही, पुष्कळ आहेत, आणि सगळे अजून त्यांनाही कळलेले नाहीत. मी म्हटलं, "आम्ही दोघी एकाच आईच्या पोटच्या." ते म्हणाले, "पत्त्यांचा जोड एकच, पण वाटताना दोघींच्या हातात वेगवेगळे पत्ते आले."

म्हटलं, रक्त तपासून सांगा मग, हिचं असंच आहे म्हणून. म्हणाले, "शिक्का मारून सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. आकडे बघून अंदाज सांगतो. चालणं फुकट गेलं नाही, रक्तदाब सुधारलाय, छाती सुधारलीय. पण साखरेसाठी हिला औषध लागणारच होतं."

लागणारच होतं. तीन महिन्यांपूर्वी.

घरात कुणाला मधुमेह होता का, विचारलं. आईला, म्हटलं. कागदावर गोल काढला, काळा केला. खाली दोन गोल, आम्ही दोघी. आई काय करायची? जंगलखात्याकडं कामाला, डोक्यावर लाकडाची मोळी, सुप्याच्या बाजूनं रोज किती कोस. मग तिची साखर? कधीच उतरली नाही. पाय गेला, मग ती गेली. डॉक्टर म्हणाले, "एवढं चालणारी बाई?"

 मी तेव्हा ट्रेनिंगला होते. सुट्टीत घरी आले की आईला म्हणायचे, तू चोरून खातेस. अप्पा पण म्हणायचे. आई म्हणायची, न्हाई गं बाय. आम्ही हसायचो.

पुढचं आणखी वाईट.

डॉक्टरांनी माझ्या पानावर बोट ठेवलं. "तुम्हाला चालताना अंधारी येते? घाम, थरथर?" म्हटलं येते, पण जाते. "कशानं जाते?" म्हटलं, उळवीच्या प्रसादानं. "प्रसादात काय असतं?"

मी म्हटलं, गोड असतं कायतरी.

डॉक्टर सुमीकडे बघायला लागले. सुमी पायाकडे.

"गूळ," सुमी म्हणाली.

 डॉक्टर हळू म्हणाले, "बाई, तुमच्या अंगाला चालणं एवढं लागू पडतं की गोळीसकट साखर फार खाली जात होती. गोवा रोडवर. हिनं गूळ दिला नसता तर तुम्ही आज इथं बसला असता का, मी सांगू शकत नाही." माझी गोळी अर्धी केली.

मी सुमीला विचारलं, "प्रसाद का म्हणालीस?" म्हणाली, "गूळ म्हटलं असतं तर तू तोंड उघडलं असतंस व्हय?"

निघताना त्यांनी विचारलं, दोघींचं थोडं रक्त अभ्यासासाठी ठेवू का, बहिणी-बहिणींचं लावून बघतोय. सुमीनं सही केली. मग विचारलं, "ह्यातनं कळंल का डॉक्टर, मी खाल्लं न्हाई म्हणून?"

डॉक्टरांनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "त्याला रक्त कशाला? ते तुमच्या अक्काच्या वहीतच लिहिलंय."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वही पहिल्यापासून वाचली. प्रसाद, प्रसाद, प्रसाद. लिहिलेला तीनदा, न लिहिलेला आणखी किती तरी वेळा. नऊ जानेवारीचा पण. गूळ गटारात टाकून चार दिवस झाले होते. म्हणजे तिनं परत विकत आणला. चोर म्हटल्यावर, चारचौघांत. चंची पकडली गेली म्हणून पदराच्या गाठीत ठेवला.

बोराएवढं असलं तरी लिहायचं म्हणे! मेली माझी ती शिस्त.

१५ फेब्रुवारी, रविवार

माफी मागायची म्हणून तिच्यापुढे बसले.  जन्मात कुणाची मागितली नाही. म्हटलं, "सुमे, तू तेव्हाच का नाही सांगितलंस? वळणावर, सगळ्यांसमोर? तुझ्यासाठीच आहे म्हणून?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू परत खाल्ला नसतास. हट्टी हाईस. आईला सुई लावल्यावर असंच व्हायचं, मी बघितलंय. गूळ दिला की उठायची. तू ट्रकखाली गेली असतीस तर मी कुणाला अक्का म्हणू?" आणि परत तांदळात खडे बघायला लागली.

"आणि आई?" मी विचारलं. "आई खात होती का गं?"

"न्हाई. मी होतो की तिच्याजवळ. कधी न्हाई." मग म्हणाली, "तू म्हणायचीस तवा ती रडायची. तू गेल्यावर."

मी हुंदके देऊन रडले. सुमी म्हणाली, "गप आता. तुझी गोळी घेतलीस का?"

१८ फेब्रुवारी, बुधवार

सु. उ. १६१. इन्सुलिन सुरू होऊन आठ दिवस. तीन महिने मी शिट्टी फुंकून जे झालं नाही ते आठ दिवसांत. आकडा बघून मला आनंद व्हायला हवा. झाला पण. आणि लाज एवढी वाटली की मशीन उलटं करून ठेवलं.

बोट अजून तसंच. एक दिवसाआड पट्टी, इथल्याच दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, लाली कमी वाटते. वाटते, म्हणतात.

मामा कणग्यांचं पोतं परत घेऊन आले. "तुमच्या बहिणीनं तुमच्यासाठी आणलेलं, मी कसं खाऊ?" अर्ध्याला कोंब फुटलेत. सुमी म्हणाली, परड्यात लावू.

मामांना पण सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे माझं उतरलं ते माझ्या बाच्या पुण्याईनं?" म्हटलं, थोडं तुमच्या पायांनी पण. "आणि मी गावभर सांगत फिरतोय, शिट्टीबाईसारखं चाला, सगळ्यांचं जातं म्हणून!" मग एकदम गंभीर. "बाई, माझ्या सुनंचं पण उतरत न्हाई हो. मी तिला रोज बोलतोय." चहा तसाच ठेवून घरी गेले.

२२ फेब्रुवारी, रविवार

शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. सकाळी एकटीच गेले, १ फे. वळणावर नागेशनं विचारलं, "त्या कशा हाईत?" म्हटलं बऱ्या आहेत. मग न राहवून म्हणाले, नागेश, त्या दिवशीचा गूळ माझ्यासाठी होता. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं की बाई. मीच द्यायचो त्यांना, माझ्या चहाच्या गुळातला. त्यांनी सांगू नको म्हटलेलं."

म्हणजे सगळ्या रामनगरात मलाच तेवढं माहीत नव्हतं.

चार खडे मागून घेतले त्याच्याकडून. माझ्यासाठी एक, तिच्यासाठी तीन.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखान्यात पट्टीची रांग. सुमी घरी सुई टोचून आलेली, रांग लांबली, नाश्ता राहिला. माझं लक्ष नव्हतं, मी नंबर बघत होते. वळून बघते तर सुमीचं तोंड घामानं भरलेलं, डोळे कुठंतरी लागलेले, ओठ पांढरे. मला बरोबर कळलं काय आहे ते. सात-आठ वेळा माझंच झालंय ना.

चंची आता माझ्या कमरेला आहे. पुडा काढला, खडा तिच्या ओठांशी नेला. तिनं दात घट्ट मिटले. हातानं माझा हात लोटला. शुद्धीत नव्हती पुरती. आणि बडबडायला लागली, सगळ्या रांगेसमोर, लहानपणी घरात असायचा त्या बारक्या आवाजात, "न्हाई खाल्लं अक्का. शप्पत न्हाई खाल्लं. चंची बघ. पदर बघ माझा."

पदर उचलून दाखवत होती मला. गाठ सोडून.

रांगेतली माणसं बघत होती. बघोत. मी जमिनीवर बसले, तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हटलं, "सुमे, गूळ न्हवं गं हा. उळवीचा प्रसाद हाय. तोंड उघड."

तेव्हा उघडलं.

दहा मिनिटांनी ओळखलं मला. म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, तुझा नंबर आलाय.

आत डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून बराच वेळ बघितलं. बोटाचं गुरुवारी बेळगावला ठरणार. सुमी विचारत होती, बोट गेलं तर पुढच्या जत्रेला चालत जाता येईल का. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर, तू म्हणशील तेवढ्याच चालीनं.

सु. उ. १३८. दवाखान्यात गूळ, एक खडा, लिंबाएवढा. मोजला.